कबुतरबाजाचा उजवा डोळा

मी जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे ठेवूही नये. आमच्या अम्मानमधली म्हातारी माणसं सांगतात, कबुतरबाजाची साक्ष काजी मानत नाही. खटला खुनाचा असो की कोंबडीचा, साक्षीदार उभा राहिला आणि मागून कोणी म्हणालं, ‘साहेब, हा गच्चीवर कबुतरं उडवतो,’ की त्याला घरी पाठवायचं. कारणं दोन. कबुतरबाज दिवसभर गच्चीवर असतो, म्हणजे शेजाऱ्यांच्या बायका बघत असणार. आणि पकडलेलं पाखरू दुसऱ्याचं आहे हे तो मरेपर्यंत कबूल करत नाही. यातला पहिला आरोप माझ्यापुरता तरी खोटा. सहा वर्षं मला शेजाऱ्यांच्या बायकाच काय, शेजारीसुद्धा दिसत नव्हते.

हे मी बोललो ते डोळ्यांच्या हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या आधी जिथं माणसं मांडून ठेवतात त्या खोलीत. आम्ही तिघं होतो. अंगात पाठीमागे नाड्या बांधायचे हिरवे झगे, डोक्याला कागदी टोप्या, आणि ज्याचा जो डोळा कापायचा त्याच्या भुवईवर शाईचा बाण. माझ्या शेजारी सिहाम बाई. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या. बाई इतक्या थरथरत होत्या की आमच्या बाकाचा एक पाय फरशीवर टकटक वाजत होता. समोर मादब्याकडचे मेंढ्यावाले हाजी मुतलक. ते थरथरत नव्हते, पण तासाभरात पाचव्यांदा हात धुऊन आले होते. रुबा नावाची नर्स दर दहा मिनिटांनी यायची, प्रत्येकाच्या डोळ्यात एकेक थेंब सोडायची, आणि ‘आता थोडंच राहिलं’ असं म्हणून जायची. काय थोडं राहिलं ते सांगायची नाही.

माझा बाण डाव्या भुवईवर होता. ‘उजवा माझा गेल्याच वर्षी उरकला,’ मी म्हणालो. त्याबरोबर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुडणारा माणूस ओंडक्याकडे पाहतो. या खोलीत अनुभवी असा मी एकटाच, आणि अनुभवी माणसानं अशा वेळी गप्प बसणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा.

‘फार दुखतं का हो?’ सिहाम बाईंनी विचारलं.

‘बाई, दुखण्याआधी बरंच काही होतं,’ मी म्हणालो, ‘ते आधी ऐका.’

मी अबू मुंधिर. भूमापन खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या. निवृत्त झालो आणि गच्चीवर कबुतरांची ढाबळ बांधली. आमची उम्म मुंधिर, म्हणजे माझं कुटुंब, त्या दिवसापासून सांगत आलीय की तिचा नवरा निवृत्त झाला नाही, वर गेला. दरीपलीकडच्या उतारावर अबू लबीबची गच्ची. त्याचीही ढाबळ. आमच्यात दोन प्रकारची नाती असतात. सुलह असेल तर एकमेकांची चुकलेली पाखरं परत करायची. जंग असेल तर जे ज्याच्या गच्चीवर उतरलं ते त्याचं. अबू लबीबची आणि माझी जंग एकोणीस वर्षांची. तिचं कारण दोघांनाही आठवत नाही, म्हणून ती मिटवता येत नाही.

डोळे अधू झाल्याचं मला कसं कळलं ते सांगतो. एका संध्याकाळी आभाळात एक काळं पाखरू दिसलं. एकटंच. काय त्याची गिरकी, काय तो डौल. पंख न हलवता वर चढायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा झुकायचं. असला नर अख्ख्या अम्मानमध्ये कोणाकडे नव्हता. मी काठीचं फडकं फिरवलं, शीळ घातली, माझी सगळ्यात देखणी मादी हातात धरून तिचे पंख फडफडवले. चाळीस मिनिटं. घशाला कोरड पडली. शेवटी ते हळूहळू उतरलं आणि कठड्यावर बसलं. मी श्वास रोखून जाळं टाकलं.

उम्म मुंधिर वाळलेले कपडे काढायला आली होती. ‘काय पकडलंत?’

‘हळू बोल. बुजेल.’

‘अहो, खाटकाची पिशवी ती. कशाला बुजतेय?’

आत अर्धा टोमॅटोही होता. मी म्हणालो, वारा विचित्र होता. माणसाची अब्रू गेली की तो हवामानावर बोलतो.

पण खरा घाव पुढे बसला. माझी सुलताना. पांढरी शुभ्र, मानेवर गव्हाच्या रंगाची झाक, आणि चाल अशी की मामलेदारीण वाटावी. त्या दिवशी थवा खाली आला, मी मोजला, तेवीस. दार लावलं. तेवढ्यात दरीपलीकडून अबू लबीबची हाक आली, ‘अबू मुंधिर, तुझी सुलताना माझ्याकडे जेवायला आलीय. तुझ्यासाठी काही ठेवू का?’

मी पुन्हा मोजला. तेविसावं पाखरू म्हणजे ढाबळीच्या खुंटीला अडकवलेला माझा रुमाल होता.

‘अरेरे,’ सिहाम बाई म्हणाल्या. बाकाचा पाय जरा थांबला.

आता बघा. पकडलेल्या मादीचे पंख बांधून ठेवतात. चाळीस दिवसांनी सोडतात. पहिल्यांदा सोडलं की ती गोंधळलेली असते. जुनं घरही आठवतं, नवंही. त्या एका उड्डाणात आपला थवा तिच्या थव्यात घुसवायचा, आणि बरोबर त्या क्षणी खाली ओढायचा. क्षण चुकला तर ती कायमची परक्याची. आणि तो क्षण हेरायला डोळे लागतात. चाळीस पाखरांतून एक मान ओळखायची. माझ्याजवळ चाळीस दिवस होते आणि डोळा एकही नव्हता.

डोळ्यांची डॉक्टरीण, दीमा तिचं नाव, दिवा लावून बराच वेळ आत बघत राहिली. ‘काका, हा मोतीबिंदू पिकून दगड झालाय. इतकी वर्षं काय करत होता?’

‘कबुतरं मोजत होतो.’

‘आणि बरोबर यायची?’

‘कधीकधी जास्तच यायची.’

ती म्हणाली, ऑपरेशन. मी म्हणालो, थेंब दिले तर नाही चालणार? ती म्हणाली, थेंबानं दगड विरघळत नाही. घरी येईपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे. आजारी माणूस वाचला पाहिजे असं मात्र कुठं लिहिलेलं नाही. मेहुणी आली. म्हणाली, कापाकापी कशाला, कांद्याचा रस मधात घालून सोडा. सोडला. संध्याकाळपर्यंत मला चारही दिशांना माझे सगळे मेलेले नातेवाईक दिसले, आणि सगळे हसत होते.

तिसऱ्या दिवशी अबू लबीब स्वतः आला. गरम कुनाफ्याचं, म्हणजे पाकातल्या चीजच्या मिठाईचं, ताट घेऊन. जंग असली तरी आजाऱ्याला भेटावंच लागतं. मऊ आवाजात म्हणाला, ‘करून टाक, भाऊ. काही नसतं त्यात. डोळा बाहेर काढतात, बशीत ठेवतात, धुतात, परत बसवतात.’

‘बाहेर काढतात?’

‘मग धुणार कसा? फक्त बसवणारा हुशार पाहिजे. माझ्या मावसभावाचा उलटा बसवला. तेव्हापासून तो आतच बघतो. स्वतःचं काळीज दिसतं बिचाऱ्याला. जेवताना फार त्रास होतो.’

कुनाफा माझ्या हातात गार झाला. मी विचारलं, ‘सुलताना कशी आहे?’

‘खातेपिते,’ तो म्हणाला. ‘तुझी आठवण काढत नाही.’

‘असला शेजारी माझ्याकडे असता,’ हाजी मुतलक समोरून म्हणाले, ‘तर कुत्रं सोडलं असतं.’ आणि उठून सहाव्यांदा हात धुवायला गेले. ते परत येईपर्यंत मी थांबलो. डोळा बाहेर काढतात का, हे त्यांनीही विचारलं नाही आणि सिहाम बाईंनीही विचारलं नाही. दोघंही फक्त माझ्या उजव्या डोळ्याकडे बघत होते, तो सुलटा आहे की नाही ते.

पुढं विम्याचं कार्यालय. माझ्या कार्डावरचा फोटो तीस वर्षांपूर्वीचा. त्यात मला झुबकेदार काळ्या मिशा आणि भविष्याबद्दल आशा. कारकून फोटोकडे बघे, माझ्याकडे बघे. ‘हा माणूस तुम्हीच, हे कशावरून?’

‘मी इथं उभा आहे त्यावरून.’

‘उभं कोणीही राहतं. दोन साक्षीदार आणा.’

शुक्रवारच्या पाखरांच्या बाजारातले माझे जिवाभावाचे दोन मित्र मी घेऊन गेलो. कारकुनानं त्यांचे चेहरे पाहिले नाहीत, बूट पाहिले. बुटांवर पांढरे ठिपके. ‘कबुतरबाज?’ त्यानं विचारलं. दोघांनी छाती फुगवून हो म्हटलं. असल्या ठिकाणी हो म्हणायचं नसतं, हे शहाण्याला कळतं. पण आमच्या जातीत तो प्रश्न कोणी विचारला की तोंडातून होच येतं. ‘यांची साक्ष चालत नाही,’ कारकून म्हणाला, ‘दुसरे आणा.’

आणि मला कळलं की सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी एकही मित्र असा जोडला नव्हता जो कबुतरं उडवत नाही. शेवटी उम्म मुंधिर आली, आणि खाटीक आला. कारकुनानं तिला विचारलं, ‘हे तुमचे यजमान?’

‘इलाज नाही,’ ती म्हणाली.

ते त्यानं ‘होय’ असं लिहून घेतलं. शिक्का मारताना तो दातांच्या फटीतून हळूच शीळ घालत होता. थवा खाली बोलवायची ती शीळ असते, ती दुसऱ्या कशाचीच नसते. मी त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे जिथं तो असावा तिकडे पाहिलं. त्यानं शीळ थांबवली. ‘कोणत्या टेकडीवर?’ त्यानं कुजबुजत विचारलं. मी सांगितलं. कागद त्याच दिवशी वर गेला.

‘एक मिनिट,’ सिहाम बाई म्हणाल्या. त्यांची थरथर चांगलीच कमी झाली होती. ‘एकूण किती दिवस लागले?’

‘तपासणीपर्यंत पाच, कार्यालयात अठरा, तारीख मिळायला वीस.’

‘ते त्रेचाळीस झाले. सुलतानाला तर चाळिसाव्या दिवशी सोडणार होते.’

‘बाई, मध्ये तीन शुक्रवार येतात. सुट्टी धरत नाहीत.’

त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. बत्तीस वर्षांत त्यांना असं उत्तर बहुतेक एखाद्याच मुलीनं दिलं असेल.

तर चाळिसाव्या दिवशी सकाळी मी टेबलावर. आता तुम्हाला जे हवंय ते. टेबल अरुंद. इतकं अरुंद की आडवं झाल्यावर हातांचं काय करावं कळत नाही. चेहऱ्यावर कापड टाकतात, अगदी मेल्यासारखं, फक्त एका डोळ्यापुरतं भोक. कापडाखाली आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो, आणि तो कोणा दुसऱ्या घाबरलेल्या माणसाचा वाटतो. पापणी मिटू नये म्हणून तारेचा चाप बसवतात. मग मिटायची इतकी इच्छा होते की आयुष्यात कधी झाली नसेल. डोळा बाहेर काढत नाहीत, बाई, अल्लाची शपथ. आतला दगड बारीक आवाजाच्या यंत्रानं भुगा करतात आणि ओढून घेतात. दुखत नाही. पण दुखेल, आता दुखेल, हे मिनिटभरसुद्धा थांबत नाही. वर एक दिवा असतो. डॉक्टरीण म्हणते, दिव्याकडे बघत राहा, हलू नका, खोकू नका.

‘आणि खोकला आला तर?’ हाजी मुतलकांनी विचारलं. विचारताना त्यांना खोकला आला.

खोकला नाही आला. मला शीळ आली. भीतीनं ओठ कोरडे पडले की माझी जीभ आपोआप त्या जागी जाते. मी शीळ घातली. डॉक्टर दीमा म्हणाली, काका, तोंड मिटा. मी मिटलं. पण तोवर झालं होतं. आधी एक फडफड आली. मग दहा. मग असा आवाज आला की कोणी आभाळातून सतरंजी झटकतंय. दरीपलीकडे अबू लबीबनं त्याच सकाळी सुलतानाला पहिल्यांदा सोडलं होतं, आणि तिनं ती शीळ ऐकली. ती वळली. तिच्यामागे अबू लबीबचा अख्खा थवा वळला. त्या थव्यामागे वाटेतल्या चार टेकड्यांवरचे थवे. ऑपरेशनच्या खोलीच्या खिडकीबाहेर दिवस मावळल्यासारखं झालं.

‘त्या खोलीला खिडकी असते?’ हाजी मुतलक.

‘त्या दिवशी होती.’

‘पण तुमच्या तोंडावर कापड होतं ना?’ सिहाम बाई.

‘भोकातून बघत होतो. बाई, तुम्ही प्रमेय सिद्ध करताना मुलींनी मध्ये बोललेलं चालायचं का?’

रुबा नर्स एव्हाना थेंबांची बाटली घेऊन आली होती आणि दाराशी उभी राहून ऐकत होती. मला हुरूप आला. मी सांगितलं, की डॉक्टरिणीचा हात तसूभर हलला नाही. तिनं घडी घातलेलं नवं मऊ भिंग आत सोडलं, ते आत जाऊन फूल उमलावं तसं उलगडलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला पांढरा रंग दिसला. पांढरा म्हणजे इतका पांढरा की भीती वाटली. मी आजवर ज्याला पांढरा म्हणत होतो तो जुन्या लिंबाचा रंग होता. बारा मिनिटं लागली.

मग डोळ्यावर जाळीचं झाकण आणि घरी. आणि नियम. वाकायचं नाही, उचलायचं नाही, चोळायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, नमाज खुर्चीवर बसून. थेंब चार वेळा. उम्म मुंधिरनं गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. झाकण काढल्यावर मी तिच्याकडे नीट पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, ‘अगं, तू म्हातारी झालीस.’ हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. झाकण काढल्यावर पहिला तासभर कोणाशीही बोलू नका. ती म्हणाली, ‘आरसा तिकडे आहे.’ मी गेलो. आरशात माझा बाप उभा होता.

हाजी मुतलक हसले. सिहाम बाईसुद्धा हसल्या, टोपी सावरत. बाकाचा पाय पूर्ण गप्प होता. माझे स्वतःचे हात मात्र झग्याखाली गार पडले होते. ते मी मांडीखाली दाबून बसलो होतो आणि बोलत राहिलो होतो, कारण बोलणं थांबलं की कानात आतल्या खोलीतल्या यंत्राचा बारीक आवाज यायचा.

‘आणि सुलताना?’ सिहाम बाईंनी विचारलं. ‘ती घरी आली का?’

‘सांगतो. आठव्या दिवशी कुलूप उघडलं. मी वर गेलो. आधी दरीपलीकडे पाहिलं. अबू लबीब कठड्याशी उभा राहून काठीचं फडकं जीव तोडून फिरवत होता, शीळ घालत होता, आर्जवं करत होता. आभाळात काहीच नव्हतं. नुसती एक पिशवी उडत होती. मला नव्या डोळ्यानं दरीपलीकडून त्याचे डोळे दिसले. दोन्ही दुधासारखे पांढरे. म्हणजे बघा, एकोणीस वर्षांची जंग, आणि शेवटची सहा वर्षं दोन आंधळे ती लढत होते. पाखरं आपली आपणच इकडून तिकडे जात होती आणि आम्ही विजय साजरे करत होतो. आणि तेवढ्यात माझ्या कठड्यावर, इथं, हाताच्या अंतरावर, सुलताना उतरली. मानेवरची गव्हाळ झाक, पायातली तांबडी कडी, कडीवर कोरलेला माझा आकडा, सगळं मी या उजव्या डोळ्यानं स्वच्छ पाहिलं. आजही पाहतोय. तुमच्या टोपीवरचा टाकासुद्धा—’

रुबा नर्सनं माझी हनुवटी धरून चेहरा वर केला आणि उजव्या डोळ्यावर बारीक विजेरी धरली. बराच वेळ धरली. मग विजेरी बंद करून खिशात ठेवली.

‘काका,’ ती म्हणाली, ‘गोष्ट मध्ये तोडू नये म्हणून गप्प होते. पण उजवा डोळा झालाय म्हणता, मग या उजव्या डोळ्यात हा मोतीबिंदू कोणाचा? फाईलवर लिहिलंय, पहिलंच ऑपरेशन, दोनदा तारीख दिली, दोन्ही वेळा पेशंट झग्यासकट पळाला. खोटं बोलताय तुम्ही. चला, तुमचा नंबर आला. आणि तिकडे नाही, काका. ते जिन्याचं दार आहे. हे.’